टाके पाणी धरतात

सोमवार, २६ एप्रिल १९७६

आज सकाळी दहा वाजता इस्पितळात दाखल झालो. दाखल कसला, सुट्टीवर आलो म्हणा ना! डॉ. बोरामणीकरांचं हे खासगी इस्पितळ तसं लहानच, वर-खाली मिळून चौदा खाटा. मला खालच्या खोलीतली सात नंबरची खाट मिळाली. खिडकीबाहेर कडुलिंब आहे. दाराशी तिवईवर मोठा काळा माठ, त्यावर पितळी झाकण आणि पेला. बाहेर रस्त्याचं डांबर पातळ होतंय आणि इथे पायाखाली गार फरशी, डोक्यावर पंखा. सोलापूरला बदली होऊन चार महिने झाले, पण दुपारी आडवं होण्याची चैन आज पहिल्यांदा केली.

खोलीत दुसरी एकच खाट. तिच्यावर सिद्धलिंगप्पा नावाचे म्हातारे, अक्कलकोटच्या पलीकडचे. कानडीच बोलतात, मराठी येत नाही म्हटलं तरी चालेल. मला बघताच त्यांनी विचारलं, "कल्लु?" म्हणजे दगड. मी मान हलवली तर गडी खूश झाला, जणू गाववालाच भेटला.

माझा दगड उजव्या मूत्रपिंडात आहे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला. ओल्या हळकुंडासारखा, फाटे फुटलेला. बारा वर्षं पाटबंधारे खात्यात कालव्याचं पाणी मोजतोय आणि स्वतःच्या पाटात धोंडा अडकलेला कळला नाही! मालतीला हे लिहायला हवं, हसेल. ती जेऊरला माहेरी आहे. वीस मेच्या सुमाराची तारीख. बाळाचं तोंड आधी मी बघणार असं तिला कबूल केलंय, तेव्हा तोवर मला उठून हिंडूफिरू लागायलाच हवं.

इथे पेशंटजवळ घरचं माणूस लागतं. नातेपुत्याला सोजरआत्याला पत्र टाकलंय. आई मी तान्हा असताना गेली, वडील नऊ वर्षांचा असताना. मला वाढवलं ते आत्यानंच. आमच्या भावकीत कुणी अंथरूण धरलं की आधी आत्याला बोलावतात, मग डॉक्टरला. माझं उरकलं की ती इथूनच जेऊरला मालतीच्या बाळंतपणाला जाईल, कारण मालतीलाही आई नाही. एका दगडात दोन पक्षी, आणि दगडही घरचाच!

मंगळवार, २७ एप्रिल

रक्त-लघवी तपासली. संध्याकाळी डॉक्टर माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसले. म्हणाले, दगड काढणं सोपं, त्यानंतर आत जंतू माजू न देणं अवघड. कुणाला धोका जास्त, ते मी सवयीनं लिहून घेतलं. लघवीत आधीच पू आहे तो. रक्तात साखर आहे तो. ज्याचा दगड मोठा, फाट्यांचा, म्हणजे ऑपरेशन लांबणार तो. ज्याच्या आत तुकडा राहून गेला तो. ज्याला नळी बरेच दिवस ठेवावी लागते तो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ज्याची लघवी कुठेतरी तुंबली तो.

माझ्या लघवीत पू निघालाय, साखरही थोडी आहे. दगड तर दिसतोच. सहापैकी तीन आल्या आल्याच मिळवले. शाळेत गणितातसुद्धा कधी इतके पडले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, वाहतं पाणी नासत नाही, साचलं की नासतं. ऑपरेशननंतर दर तासाला पेलाभर पाणी प्यायचं, हेच खरं औषध. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे कालव्याचं दार पाडलं की पाणी उलटं मागे चढतं, त्याला फुगवटा म्हणतात. शब्द त्यांना फार आवडला. म्हणाले, मूत्रपिंडात तो झाला की माणूस चार दिवसांत जातो. आणि हसून उठले. पाच दिवस इंजेक्शनं, मग सोमवारी ऑपरेशन.

गुरुवार, २९ एप्रिल

आत्या आली! हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर, आल्या आल्या माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग खाटेखालची फरशी स्वतः पुसून काढली. इथल्या शकुंतला सिस्टरनं विचारलं, आजी, पेशंटजवळ राहायची सवय आहे का? आत्या म्हणाली, "तिगांचं केलंया म्या. शेवटपत्तुर." सिस्टर बिचारी वर-खाली दोन्ही मजले एकटी बघते. तिला हायसं वाटलं.

मलाही वाटलं. चाळिशी जवळ आली तरी आत्या उशाशी बसली की मी पुन्हा लहान होतो.

रविवार, २ मे

उद्या ऑपरेशन. आज न्हावी येऊन पोट-पाठ साफ करून गेला. सिस्टरनं कमरेचा काळा करगोटा कात्रीनं कापला तशी आत्या मटकन खालीच बसली. बाप्याची कंबर मोकळी ठेवायची नसते, करगोटा उतरतो तो तिरडीवर, असं आमच्याकडे मानतात. सिस्टर म्हणाली, नियम म्हणजे नियम. आत्यानं तो तुकडा उचलून डोळ्यांना लावला आणि कनवटीला खोचला. मी तिची थट्टा केली, पण ती हसली नाही.

बुधवार, ५ मे

पडल्या पडल्याच लिहितोय. सोमवारी साडेतीन तास लागले. दगड बाटलीत घालून दिलाय. सिद्धलिंगप्पांनी तो उजेडाला धरून नीट पाहिला आणि मान डोलावली. एक बारीक तुकडा आत खोल राहिला म्हणे. मूत्रपिंडातली लघवी बाहेर पडावी म्हणून उजव्या कुशीतून तांबडी रबरी नळी काढली आहे, ती खाटेखालच्या काचेच्या बाटलीत सोडली आहे. दहा दिवस ठेवायची. म्हणजे सहापैकी पाच झाले. सहावा तेवढा आपण मिळवायचा नाही.

मला उताणं पडून राहावं लागतं, कुशीवर वळता येत नाही. भुलीमुळे पहिले दोन दिवस पाणी बंद होतं. थेंबसुद्धा द्यायचा नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी स्वतः आत्याला बजावलं होतं. तिनं ते अगदी कडक पाळलं. आजपासून पाणी सुरू, असं सिस्टर सांगून गेली.

आत्यानं आज एक गंमत केली. कमरेला पट्ट्या, त्यामुळे करगोटा बांधता येईना, म्हणून तिनं तो नळीलाच बांधला, पाठीखाली चादर येते तिथे. म्हणाली, "नळी तुज्या कमरंतनंच निगालीया न्हवं? मंग ती कंबरच की." निरगाठ मारली आणि दातांनी ओढली. मला हसू आलं, पण टाके ओढतात म्हणून हसलो नाही. म्हातारीचं समाधान, आपलं काय जातंय.

गुरुवार, ६ मे

डॉक्टर सकाळी येऊन गेले. पुतणीच्या लग्नाला नगरला निघाले, मंगळवारी संध्याकाळी परत. तोवर बदलीचे डॉक्टर सकाळी एक फेरी मारतील. घाईतही त्यांनी आत्याला शाबासकी दिली.

पाण्याचा घोळ झालाय. आत्या दर तासाला माठातून पेला भरते, माझ्याजवळ आणते, कापसाचा बोळा भिजवून ओठांना लावते आणि पेला परत नेते. सिस्टर तक्ता घेऊन आली की सांगते, "पाजलं की." सिस्टर तक्त्यावर रेघ ओढते. मी आत्याला म्हटलं, अगं, आता प्यायची परवानगी आहे. तर म्हणाली, मोठ्या डागदरानं सवता सांगितलंय थेंब द्यायचा न्हाय, ही कालची पोर कोण सांगणारी? आणि मग हळूच, समजूत घालत, "लेकरा, टाकं वलं हायती. टाकं पानी धरत्यात. आतनं नासतंया मानूस."

संध्याकाळी सिस्टर दिसली की सांगतो. बाहेर बेचाळीस डिग्री आहे म्हणतात. जीभ टाळूला चिकटतेय.

शुक्रवार, ७ मे

पहाटे हुडहुडी भरून आली, खाट वाजत होती. ताप एकशे तीन. कुशीत जड वाटतंय, आतून कुणी मूठ फुगवावी तसं.

सिस्टरला सांगितलं, मला पाणी मिळत नाही. तिनं तक्ता दाखवला. काल बारा पेले. बाटली किती भरली ते लिहिलेलं. पाणी प्यायलाच नाहीत तर बाटली भरली कशी, असं म्हणाली. मीही चक्रावलो. बारा वर्षं मोजणी केलेला माणूस मी, आकडा खोटा कसा म्हणू?

दुपारी कळलं. डोळे मिटून पडलो होतो. आत्यानं पेला भरला, माझे ओठ पुसले, आणि खाटेखाली वाकून पेला त्या बाटलीत ओतला. मग देवाचं नाव घेत शांतपणे बसली. मी विचारलं तर लपवलंही नाही. म्हणाली, त्या पोरीला भरलेली बाटली लागती, न्हाय भरली तर वरडती, मंग भरली.

कालव्यावर हे मी शंभरदा पाहिलंय. गेजच्या पट्टीवर पाणी दिसतं, शेत मात्र वाळून जातं.

संध्याकाळ. पुन्हा तिला विनवलं. माझ्या कपाळावर हात ठेवून तिनं सांगितलं की तिनं तिघांचं केलं. तिचा नवरा, मग धाकटा दीर, आणि माझे वडील. वडिलांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं एवढंच मला माहीत होतं. ती अभिमानानं सांगत होती, "नऊ दिस थेंब दिला न्हाय माज्या भावाला. तांब्या मागून मागून गळा बसला त्याचा. म्या बधले न्हाय. शेवटच्या दिशी तेवडं पळीनं पानी घातलं तोंडात, तुळशीचं पान टाकून. निवांत गेला."

मला आठवतंय. मला पाण्याच्या डेऱ्याजवळ बसवलं होतं. कुणी पाणी न्यायला आलं तर हाक मार, म्हणाली होती. बाबांनी रांगत डेऱ्यापर्यंत हात आणला होता आणि मी हाक मारली होती.

ती दुष्ट नाही. हेच भयंकर आहे. ती जेवत नाही, झोपत नाही, माझे पाय चेपते. एवढी माया मला कुणी लावली नाही.

शनिवार, ८ मे

आता कळलं कूस का फुगतेय. नळी. करगोटा. निरगाठ.

बाटलीत माझं काही येतच नाही, सगळं माठाचं पाणी. माझं मागे चढतंय. फुगवटा. सहावा गुणही मिळाला.

गाठ पाठीखाली आहे. हात पोचत नाही. वळायला गेलो तर टाक्यांत सुरी फिरते. आत्याला म्हटलं, सोड. ती पांढरीफटक पडली. जित्या मानसाचा करगोटा सोडू? तुझं डोकं फिरलंय, म्हणाली आणि रडायला लागली.

सिस्टरला बघायला लावलं. तिनं चादर उचलली, दोरा पाहिला. देवाचा दोरा आहे, असू दे, म्हणाली. लघवी तर व्यवस्थित येतेय ना, बाटली बघा. ती बाटली! मी ओरडलो की त्यात ही पाणी ओततेय, मला प्यायला देत नाही, दाराशी माठ आहे आणि मी तहानेनं मरतोय. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आत्यानं पदर तोंडाला लावला. ताप एकशे चार होता. वात झाला, असं सिस्टर हळूच म्हणाली.

सिद्धलिंगप्पांना सगळं कळलं होतं. ते पडल्या पडल्या बघत होते. आत्या धुणं वाळत घालायला गेली तेव्हा ते उठले, आपला तांब्या माझ्या तोंडाला लावला. चार घोट. चारच. देव त्यांचं भलं करो. तेवढ्यात आत्या आली आणि तांब्या हिसकावला.

मग त्यांनी सिस्टरला हाका मारल्या. माझ्या खाटेकडे बोट करून ओरडायला लागले, "बिच्चु! बिच्चु!" बोटांनी गाठ सोडल्यासारखं करत होते. आमच्या कालव्यावर त्यांच्याकडचे गवंडी होते. दोर सोड म्हणायला ते हेच म्हणत. बिच्चु म्हणजे सोड.

सिस्टरनं ऐकलं बिच्छू. किंचाळलीच. वॉर्डबॉय झाडू घेऊन आला. खाटेखाली विंचू शोधला, डीडीटी मारली, माझ्या गादीची कडसुद्धा उचलून पाहिली. दोरा तिथेच होता, हाताच्या अंतरावर. मी सांगत होतो, विंचू नाही, दोरा, दोरा सोडा. कुणी ऐकलं नाही. म्हाताऱ्यालाही भ्रम झाला म्हणून त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. जाताना ते मागे वळून वळून बघत होते.

आता खोलीत मी, आत्या आणि माठ.

रविवार, ९ मे

सकाळी नळी ओढून काढायला गेलो. पकडलं. हात खाटेला बांधलेत, पट्टीनं. मालतीला चिठ्ठी लिहायची म्हणून उजवा तेवढा सोडवून घेतलाय. लिहून झालं की आत्या परत बांधते, मऊ, काचू नये म्हणून खाली कापूस घालून.

बदलीचे डॉक्टर आले. तक्ता पाहिला. पाणी बारा पेले, बाटली बरोबर. इंजेक्शन बदललं. मी बोललो — त्यांनी मान हलवली, जशी मुलाच्या बोलण्यावर हलवतात.

माठ पाझरतोय. खाली फरशीवर थेंब पडतो. मी मोजतो. मिनिटाला अकरा.

तोंडचं पाणी पळणं म्हणतात ते खरं असतं. थुंकीसुद्धा नाही.

सोमवार, १० मे

मालतीचं पत्र. सिस्टरनंच वाचून दाखवलं, मोठ्यानं, आत्याला कळावं म्हणून. पाय सुजलेत, दिवस आधीच भरतील असं वाटतं, आत्यांना लवकर पाठवा — तुमची वाट बघतेय.

आत्या म्हणाली, जाते की. बाळंतिणीचं म्या बगते. आणि सहज, बोळा भिजवता भिजवता — बाळंतिणीला पानी देऊन चालत न्हाय. वली जखम ती. चाळीस दिस.

मीच बोलावलं तिला. मीच लिहिलं होतं. एका दगडात दोन —

नको. मालतीला नको. मला काय व्हायचं ते —

सिस्टरला म्हटलं तार करा. आत्याला पाठवू नका म्हणून कळवा. सिस्टर म्हणाली, असं बोलू नये, ती तुमच्यासाठी उपाशी आहे. आणि मला रडू आलं, कारण ते खरं आहे.

उद्या संध्याकाळी डॉक्टर येणार. उद्या संध्याकाळ. तेवढं काढायचं.

मंगळवार, ११ मे

हातपाय गार. कूस दुखत नाही आता. दुखायला हवी होती —

बाबा डेऱ्याकडे रांगत आले. मी हाक मारली नाही. यावेळी नाही मारली बाबा. प्या —

जागा आहे. दुपार आहे. पंखा दिसतो. डॉक्टर संध्याकाळी —

आत्याला विचारलं, ही वही कुणाला देशील. मालतीला, म्हणाली. तुजी निशाणी म्हणून सवता हातात दीन. आत्याला वाचता येत नाही. देवा, बरं झालं तिला वाचता येत नाही. वही पोचेल. तिच्याबरोबरच पोचेल —

मालती, पहिल्यांदा हे पान उघड. मागचं नंतर वाच.

आत्या उठली. पिशवीतून काहीतरी काढलं. माठाकडे गेली. झाकण वाजलं.

पाणी आणतेय. आपणहून. माझ्याकडेच येतेय, पाणी घेऊन —

पेला नाही. पळी आहे. वर तुळशीचं पान.

मालती, आत्या तुझ्याकडे येतेय. माया फार करेल. पाया पड तिच्या, पण पाणी पी. कुणी काही म्हणो. माग, ओरड, हिसकावून घे, पोराची शपथ आहे तुला, पाणी पी, पा